वेल चढायला किती दिवस लागतात

बदामीच्या चौथ्या लेण्यात अण्णा एका मूर्तीसमोर जवळजवळ पाऊण तास बसून राहिले आणि मग म्हणले, "ही वेल चढायला किती दिवस लागले असतील गं?" मला वाटलं कोरायला किती दिवस लागले असं विचारताहेत, म्हणून मी आपला काहीतरी अंदाज सांगायला लागले, तर मला थांबवून म्हणले, "कोरायचं नाही विचारत. चढायला. ह्या माणसाच्या पायावर."

मूर्ती बाहुबलीची होती. नुसता उभा, हात सरळ खाली सोडलेले, अंगाला न चिकटलेले, आणि पायावरून मांडीवरून दंडापर्यंत वेल चढत गेलेली. पायाशी साप. मी त्याआधी एकदा कॉलेजच्या ट्रिपला बदामीला येऊन गेले होते आणि चौथं लेणं दहा मिनिटात बघून खाली उतरले होते, कारण तेव्हा वाटलं होतं की सगळ्या मूर्ती सारख्याच तर आहेत. अण्णांचा तो प्रश्न ऐकला आणि तेव्हापासून मी वेगळं बघायला लागले, त्याबद्दलच लिहायचंय आज. थोडं लांबेल.

आधी सांगते की अण्णा कोण. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांनी सोलापुरात आयुष्यभर मागावर काम केलं, जेकार्डवर, म्हणजे आपल्या चादरीवर जी डिझाइन येतात ती विणणारा माग. शाळा सातवीपर्यंत. मूर्तिशास्त्र वगैरे शब्द त्यांना माहीत नाहीत पण डिझाइन कुठं सुरू होतं, कुठं परत येतं, काठ कुठं वळवायचा हे त्यांना झोपेत पण कळतं. रिटायर झाल्यावर घरात बसून करमेना, म्हणून मी म्हणलं चला, गदगच्या गाडीनं बदामीला जाऊ. आपल्या सोलापूरहून होटगी, विजयपूर, बागलकोट करत गाडी थेट बदामीला जाते आणि तरी आपल्यातले निम्मे लोक गोलघुमट बघायला विजयपूरलाच उतरतात, पुढं जातच नाहीत, ह्याचं मला कायम वाईट वाटतं.

बदामीचा दगड लाल, वाळूचा. आपल्याकडचा काळा दगड बघून बघून सवय झालेल्या डोळ्यांना तो रंगच आधी वेगळा वाटतो. लेणी चार, एकावर एक पायऱ्या चढत जायचं, माकडं भरपूर, हातातली पिशवी सांभाळायची. पहिलं लेणं शंकराचं. तिथं बाहेरच्या बाजूलाच तो अठरा हातांचा नटराज आहे आणि खरं सांगते, फोटोत त्याचं काही कळत नाही, समोर उभं राहावं लागतं. गाईड लोक सांगतात की डावीकडचा एक हात आणि उजवीकडचा एक हात असं जुळवत गेलं की एक्क्याऐंशी मुद्रा होतात, नऊ गुणिले नऊ. ते गणित बरोबरच आहे पण अण्णा म्हणले, अठरा हात नाहीतच, हात दोनच आहेत, नाचताना ते जिथून जिथून गेले ती प्रत्येक जागा कोरलीय. मी गप्पच झाले. म्हणजे एका माणसाचा नाच, त्याचे सगळे क्षण, एका दगडात एकदमच. मला माहीत नाही शिल्पकाराच्या मनात हेच होतं का, शास्त्रात देवाला जास्त हात असण्याची कारणं वेगळी सांगतात, पण अण्णांनी सांगितल्यापासून मला तो नटराज दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं दिसतच नाही.

त्याच लेण्यात अर्धनारीश्वर आहे, आणि त्याच्या बाजूला एक हाडांचा सापळा उभा आहे, तो भृंगी. भृंगीची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा शंकराचा इतका कट्टर भक्त की फक्त शंकरालाच प्रदक्षिणा घालणार, पार्वतीला नाही. म्हणून दोघं एक झाले तरी हा भुंगा होऊन मधून पोखरून जायला निघाला. मग पार्वतीनं शाप दिला की आईकडून येतं ते रक्त-मांस तुझ्या अंगातून जाईल, आणि राहिली नुसती हाडं. शिल्पात अर्धं अंग पुरुषाचं, अर्धं बाईचं, एकीकडचे दागिने वेगळे, दुसरीकडचे वेगळे, आणि ते किती भरीव, किती जिवंत आहे हे कळावं म्हणून शेजारी बरगड्या मोजता येतील असा भृंगी. त्याच्याशिवाय ते अर्धनारीश्वर अर्धंच वाटलं असतं.

तिसरं लेणं विष्णूचं, सगळ्यात मोठं. तिथं चालुक्य राजा मंगलेशाचा शिलालेख आहे, शके ५००, म्हणजे इ.स. ५७८, कार्तिकी पौर्णिमेचा. दख्खनमध्ये इतक्या जुन्या हिंदू लेण्याची नेमकी तारीख मिळते ती इथंच. शेषावर बसलेला विष्णू, वराह, नरसिंह, त्रिविक्रम, हरिहर, खांबांच्या वरच्या टोकाला जोडपी. त्यावर वेगळं लिहावं लागेल, आज नको.

आणि मग चौथं. छोटंसं लेणं, जैनांचं. व्हरांड्याच्या एका टोकाला पार्श्वनाथ तीर्थंकर, डोक्यावर नागाचा फणा, आणि दुसऱ्या टोकाला बाहुबली. समोरासमोर. शिवाय भिंतीवर खांबांवर लहान लहान तीर्थंकर, त्यातले बरेच नंतरच्या काळात कोरलेले.

आता माझ्या मनात कॉलेजपासून जे होतं ते असं, की शंकर-विष्णूच्या मूर्तीत बघायला केवढं असतं, हातात त्रिशूळ, डमरू, शंख, चक्र, पायाशी नंदी, गरुड, गोष्ट चाललेली असते. आणि तीर्थंकर म्हणजे एकतर पद्मासनात बसलेले नाहीतर उभे. शस्त्र नाही, दागिना नाही, हाताची मुद्रा नाही, चेहरा सगळ्यांचा एकसारखा. कोण कोण ते ओळखायला खाली बैठकीवरचं लांछन, म्हणजे ओळखीची खूण बघायची, बैल असेल तर ऋषभनाथ, सिंह असेल तर महावीर. मग शिल्पकारानं करायचं काय? त्याच्या हातात काहीच शिल्लक ठेवलेलं नाही. माणूस शांत आहे हे दगडात दाखवायचं कसं, दगड तर आधीच शांत असतो! कुठलाही दगड उभा केला तर तो हलत नाही, मग ह्या दगडाचं न हलणं त्या दगडापेक्षा वेगळं कसं दाखवायचं?

उत्तर म्हणजे ती वेल. बाहुबली हलला नाही हे त्याच्या अंगावरून कळत नाही, वेलीवरून कळतं. वेल चढायला वेळ लागतो, आणि वेल हलत्या माणसावर चढत नाही. अण्णांचा प्रश्न म्हणजे नेमका हाच होता, मला दोन दिवसांनी घरी आल्यावर लक्षात आलं.

घरी आल्यावर मी समोरच्या काकूंना फोटो दाखवले. आमच्या समोरच्या घरातल्या काकू दिगंबर जैन, सकाळी देवळात जाऊन आल्याशिवाय तोंडात पाणी पण घेत नाहीत, लहानपणापासून मी त्यांच्या घरात वाढलेय. त्यांनी मोबाईल लांब धरून फोटो बघितला, आणि मला तिथल्या तिथं सगळी गोष्ट सांगितली. ऋषभदेव, म्हणजे पहिले तीर्थंकर, त्यांच्या मुलांतले दोघं भरत आणि बाहुबली. राज्यावरून भांडण. दोन्हीकडचं सैन्य मरायला नको म्हणून दोघांनीच लढायचं ठरलं, आधी दृष्टियुद्ध, मग जलयुद्ध, मग मल्लयुद्ध. तिन्हीत बाहुबली जिंकला. जिंकला आणि जिंकल्यावरच सगळं सोडून रानात जाऊन उभा राहिला, वर्षभर. "कायोत्सर्ग म्हणजे काय सांगू का तुला," काकू म्हणल्या, "काया सोडून द्यायची. अंगावर मुंग्यांनी वारूळ केलं, साप आले, माधवीची वेल चढली, ह्याला पत्ता नाही. अगं, आपलं अंग आपलं नाहीच म्हणल्यावर वेलीचा काय त्रास." इतक्या सहज म्हणल्या, आणि आत जाऊन गॅस बंद करून आल्या.

त्या एका वाक्यानंतर मला वेरूळला परत जायचं होतं. पुढच्या थंडीत गेलो, अण्णा आणि मी, रात्रीच्या एसटीनं छत्रपती संभाजीनगर आणि तिथून सकाळी वेरूळ.

वेरूळला बौद्ध, हिंदू, जैन अशी चौतीस लेणी एकाच डोंगराच्या रांगेत आहेत हे शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं. लोक सोळाव्या नंबरचं कैलास बघतात, दमतात आणि परत फिरतात. जैन लेणी तीस ते चौतीस, थोडी लांब, उत्तरेच्या टोकाला. मी आधी बत्तीसमध्ये गेले. त्याला इंद्रसभा म्हणतात पण इंद्राचा तिथं काही संबंध नाही, वरच्या मजल्यावर हत्तीवर बसलेला यक्ष आहे त्याला कुणीतरी इंद्र समजलं आणि तेच नाव चिकटलं. त्याच्या जोडीला अंबिका, सिंहावर बसलेली, डोक्यावर आंब्याचं झाड, मांडीवर मूल. ते आंब्याचं झाड बघाच कधी गेलात तर, घोसातला एक एक आंबा, पानं, मध्ये पक्षी. अण्णा त्या झाडाखाली मान वर करून म्हणले की ह्यात रिपीट नाही. म्हणजे काय विचारलं तर म्हणले, चादरीत एक पान काढलं की तेच पान परत परत येतं, कार्ड तेच फिरतं ना. इथं प्रत्येक पान वेगळं काढलंय. ज्यानं केलं त्याला घाई नव्हती.

आणि तिथं बाहुबली परत भेटला. इथल्या बाहुबलीच्या दोन्ही बाजूला दोन बायका आहेत. काकूंच्या सांगण्याप्रमाणे त्या विद्याधरी, अंगावरच्या वेली बाजूला करणाऱ्या. काही जण म्हणतात त्या त्याच्या बहिणी, ब्राह्मी आणि सुंदरी. आणि समोर पार्श्वनाथ, पण हा बदामीसारखा एकटा नाही. त्याच्याभोवती नुसता कल्लोळ आहे. जुन्या जन्माचा वैरी कमठ त्याचं ध्यान मोडायला आलाय, कुणी दगड उचललाय, कुणी रेड्यावर बसून येतंय, कुणी सिंहावर, चारी बाजूंनी हल्ला. धरणेंद्र नागानं मागून वेटोळी घालत वर फणा धरलाय, पद्मावतीनं छत्री धरलीय. आणि मधोमध पार्श्वनाथ, पापणी सुद्धा हललेली नाही.

मग आम्ही मागे चालत कैलासला आलो, कारण अण्णांनी ते बघितलं नव्हतं. कृष्णराज राष्ट्रकूटाच्या काळातलं, आठव्या शतकातलं, वरून खाली कोरत आणलेलं अख्खं देऊळ, त्याच्याबद्दल मी काय नवीन सांगणार. पण दक्षिणेच्या बाजूला रावणानं कैलास हलवल्याचं शिल्प आहे, तिथं मी थांबले ते थांबलेच. खाली रावण, वीस हातांनी डोंगर उचलतोय, त्याच्या पाठीला ताण आहे. वर पार्वती घाबरून शंकराला धरतेय, मागे दासी पळून चाललीय. आणि शंकर? शंकर निवांत बसलाय, फक्त पायाचा अंगठा दाबलाय.

मी अण्णांना म्हणलं अण्णा, हे आत्ता बघितलं ना आपण? तेच आहे हे. खाली-बाजूला सगळा गोंधळ, हल्ला, पळापळ, आणि मध्ये एक जण स्वस्थ. देव वेगळा, धर्म वेगळा, गोष्ट वेगळी, कोरायची रीत एकच. शांतता एकटी कोरता येत नाही त्यांना, म्हणून ते तिच्या भोवतीचं वादळ कोरतात आणि मध्ये जागा सोडतात. आणि मला हे कुठल्या पुस्तकातून कळायच्या आधी एका दिवसात चालत चालत कळलं ह्याचा मला फार आनंद झाला, तिथंच पायरीवर बसून डबा खाल्ला आम्ही.

अर्थात रीत एकच असण्यात आश्चर्य काही नाही. राज्य तेच, दगड तोच, आणि कोरणारी घराणी काय देवाप्रमाणे बदलत नसणार. कारागिरांची नावं आपल्याला फार कमी माहितीयत, पण बदामीपासून वीस-बावीस किलोमीटरवर पट्टदकलला विरूपाक्षाचं देऊळ आहे, राणी लोकमहादेवीनं बांधलेलं, तिथं नावं आहेत. मुख्य स्थपती गुंड अनिवारिताचारी, त्याला त्रिभुवनाचारी अशी पदवी दिली म्हणून लेखात कोरलंय. आणि काही शिल्पांशी कोरणाऱ्यांची नावं, पुल्लप्प, चेंगम्म, बलदेव. बाराशे वर्षांपूर्वीची माणसं! कैलासचं एकूण रूप ह्याच विरूपाक्षाच्या वळणावर गेलंय असं अभ्यासक सांगतात आणि दोन्ही बघितलं की ते डोळ्यांना पण पटतं. अण्णांना मी ही नावं वाचून दाखवली तेव्हा म्हणले, चांगलं केलं राणीनं. मग थोड्या वेळानं म्हणले, आमच्या चादरीवर कधी विणणाऱ्याचं नाव आलं नाही. एवढंच.

आता घराजवळचं. धाराशिव सोलापूरपासून तासा-दीड तासावर, तुळजापूरला तर आपण वर्षातून दोनदा जातोच, पण धाराशिवच्या लेण्यांत मी चाळिशी आल्यावर पहिल्यांदा गेले. शहराबाहेर डोंगरात आहेत. मूळची बौद्ध असावीत आणि नंतर जैनांची झाली असं बरेच अभ्यासक मानतात. दगड फार पक्का नाही, बाहेरचा भाग ढासळलाय, पण आत मोठ्या लेण्यात गाभाऱ्यात पार्श्वनाथ बसलेत, पद्मासनात, वर नागफणा. अंधार आणि गारवा. ह्या लेण्यांची एक गोष्ट आहे, ती कनकामर मुनींच्या अपभ्रंश ह्या जुन्या भाषेतल्या काव्यात येते, काकूंच्या सासऱ्यांना ती तोंडपाठ होती म्हणे. करकंडू राजा तेरापूरला, म्हणजे आपलं तेर, तिथं मुक्कामाला आला. त्याला कळलं की डोंगरावर एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येतो आणि एका वारुळाला वाहतो. राजानं वारूळ खणलं तर आत पार्श्वनाथाची मूर्ती. मग लेण्यातल्या मूर्तीच्या सिंहासनावर त्याला एक गाठ दिसली, दगडाची, उगीचच वर आलेली. शोभत नाही म्हणून ती फोडायला सांगितली, आणि फोडली तशी आतून पाण्याची धार लागली, लेणं भरून गेलं.

मला ही गोष्ट फार आवडते कारण ह्यात वारूळ परत आलं. बाहुबलीच्या पायाशी वारूळ, इथं वारुळाच्या पोटात देव. आणि गाठ फोडायची गोष्ट तर, मला वाटतं प्रत्येक डागडुजी करणाऱ्याला ऐकवायला पाहिजे. शोभत नाही म्हणून काही फोडू नये.

हे मी मनापासून लिहितेय कारण आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात (नाव नाही लिहीत) मी एक जुनं देऊळ दर दोन-चार वर्षांनी बघत आलेय. दारात वीरगळ होते, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, सुंदर, खाली लढाई, मध्ये अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. मागच्या वेळी गेले तर सगळ्यावर ऑईल पेंट. वीराला निळा, अप्सरांना गुलाबी, घोडा पांढरा. लोकांनी वर्गणी काढून भक्तीनं केलंय, कुणाला दुखवावं असं नाही वाटत, त्या आजोबांनी तर हौसेनं मला दाखवलं. पण नाक-डोळे-दागिने सगळं रंगाखाली बुजलंय, आठशे-नऊशे वर्षं टिकलेली धार पुसली गेली, आणि मी काही बोलू शकले नाही त्यांच्यासमोर. घरी येईपर्यंत रडायला येत होतं. कृपा करून तुमच्या गावात असं कुणी ठरवत असेल तर आधी पुरातत्त्व खात्यात किंवा निदान एखाद्या जाणत्या माणसाला विचारा, एक फोन करा. पाण्यानं धुवा, फुलं वाहा, दिवा लावा, रंग नको. आणि ते खडूनं, किल्लीनं नावं लिहिणं, त्याबद्दल तर काय बोलायचं.

हो आणि एक, प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेमाडपंती म्हणायची आपल्याला सवय आहे. हेमाद्री पंडित यादवांचा मंत्री, तेराव्या शतकातला. त्याच्या आधीची दोन-दोनशे वर्षांची देवळं आपल्या जिल्ह्यात उभी आहेत, ती त्याची कशी असतील? चुना न घालता दगडावर दगड बसवायची पद्धत त्याच्या आधीपासून चालत आलेली आहे.

त्यातलंच एक हत्तरसंग कुडल. सोलापूरहून मंद्रूपच्या बाजूला, चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीना मिळतात तिथं. बाहेरगावचे पाहुणे आले की आपण सिद्धेश्वरचं तळं दाखवतो, किल्ला दाखवतो, अक्कलकोट-पंढरपूर करून आणतो, पण कुडलला नेत नाही. न्या. संगमेश्वराचं देऊळ आहे, आणि शेजारी हरिहरेश्वराचं, जे कित्येक वर्षं मातीच्या ढिगाऱ्यात होतं. १९९९ च्या सुमाराला तिथं ढिगारा काढताना बहुमुखी शिवलिंग मिळालं. ३५९ मुखं आहेत त्याच्यावर. तीनशे एकोणसाठ! लिंगाच्या अंगावर ओळीनं छोटे छोटे चेहरे, आणि ते स्वतः एक धरून ३६० असं तिथं सांगतात.

मी मोजायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीत विसरले. अण्णा मात्र हळूहळू फिरत होते त्याच्याभोवती, हात मागे बांधून, मागाचं बीम तपासताना फिरायचे तसे. एका जागी थांबले आणि म्हणले, "तीनशे साठ म्हणजे जुन्या हिशोबानं वर्षाचे दिवस झाले की." मी म्हणलं असेल. तर म्हणले, "मग तेवढेच दिवस लागले असतील." मला क्षणभर कळेना कशाबद्दल बोलताहेत. बदामीची वेल! दोन वर्षं डोक्यात ठेवून होते. काकूंनी वर्ष सांगितलेलं त्यांना माहीत होतंच, पण त्यांना ते स्वतः मोजून पाहिजे होतं बहुतेक. कुडलच्या लिंगाचा आणि बाहुबलीचा एकमेकांशी काही संबंध नाही, मी काही सिद्धांत मांडत नाहीये, पण अण्णांच्या डोक्यात ते एकमेकांना जोडलं गेलं आणि माझ्याही, आता ते सुटत नाही.

संगमेश्वराच्या देवळात तुळईवर तो शिलालेख आहे. शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८. त्यातली शेवटची ओळ मराठी आहे. आपल्या सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार ह्यांनी ती वाचून लोकांसमोर आणली. "वाछि तो विजेया होईवा." जो वाचेल तो विजयी होईल. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्या भाषेत वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवलाय. आम्ही मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघत होतो (समोरून उजेड मारला तर अक्षरं दिसत नाहीत, बाजूनं मारायचा), तर गावातली दोन पोरं आली आणि त्यांनी न बघताच म्हणून दाखवली ओळ, पाठ आहे त्यांना.

मराठीतला पहिला शिलालेख कुठला ह्यावर वाद आहे, अलिबागजवळच्या अक्षीचा शके ९३४ चा आहे तो आणखी सहा वर्षं जुना. पण लहानपणी आम्हाला पुस्तकात जो होता तो श्रवणबेळगोळचा, "श्रीचावुंडराजें करवियलें". आता मानतात की तो लेख मूर्तीपेक्षा बराच नंतरचा असावा. ते असो. मला त्यातली वेगळीच गोष्ट आता दिसते, की ती ओळ कुठं आहे? बाहुबलीच्या पायाशी! गंग राजांचा सेनापती चावुंडराय, त्यानं दहाव्या शतकाच्या शेवटी उभ्या केलेल्या त्या सत्तावन्न फुटी मूर्तीच्या पायाजवळ, त्याच वेलीच्या आणि वारुळाच्या शेजारी, भोवती सगळा कन्नड मुलूख आणि मध्ये आपली मराठी. आणि काकूंनी सांगितलं की ऋषभदेवांनी लिपी शिकवली ती कुणाला, तर ब्राह्मीला, बाहुबलीच्या बहिणीला, आणि सुंदरीला अंक शिकवले. मला हे ऐकून एकदम वेरूळच्या त्या दोन बायका आठवल्या, वेल बाजूला करणाऱ्या. त्या बहिणी असोत नाहीतर विद्याधरी, मला आता त्यातली एक लिहायला शिकवणारी वाटते.

तर एवढं सगळं फिरून झाल्यावर मागच्या आठवड्यात काकू म्हणल्या, मी जन्मभर बाहुबलीची गोष्ट सांगत आले पण कुंभोजचा सोडला तर दुसरा बघितला नाही, आणि तुम्ही बाप-लेक मला फोटोच दाखवताय. खरं होतं. त्यामुळं दिवाळी झाली की आम्ही तिघं बदामीला निघालोय. काकूंचे गुडघे दुखतात, चौथं लेणं सगळ्यात वर, पण म्हणल्या बसत बसत चढीन, घाई काय आहे. सूर्यास्ताच्या आत जेवायचं असतं त्यांना आणि बाहेरचं चालत नाही, म्हणून डबा घरूनच. कडक भाकरी मी करणार, आणि शेंगाचटणी त्या, बिनलसणाची. अण्णांनी वेळापत्रक बघायला सुरुवात पण केलीय, आणि सोबत एक छोटा कोरा कागद घेणार म्हणतात, वेलीचं डिझाइन काढून आणायला.